युक्रेनचा चित्रफलक



छायाचित्रे कापून पुठ्ठ्यावर चिकटविली की कोलाज तयार होते, असा एक समज आहे. वस्तुतः कोलाज ही प्रथम निवड आहे व नंतर चिकटकाम. युक्रेनचा इतिहास आणि संस्कृती यांचा गौरव करणारा फलक शाळेत अथवा ग्रामग्रंथालयात लावावयाचा असेल, तर कात्री हाती घेण्यापूर्वी हा विचार झाला पाहिजे.

मध्यभागी कीव येथील सेंट सोफिया कॅथेड्रल असावे. अकराव्या शतकातील या वास्तूचा १९९० साली जागतिक वारसा यादीत समावेश झाला. तिच्या अंतर्भागात हात उंचावून प्रार्थना करणाऱ्या मेरीमातेची सुमारे ६ मीटर उंचीची प्रतिमा आहे. ती असंख्य लहान तुकड्यांची बनलेली आहे. विखुरलेल्या तुकड्यांतून अखंड रूप कसे उभे राहते, याचा हा वस्तुपाठच होय.

त्याशेजारी कवी तारास शेवचेन्को यांचे चित्र हवे. १८१४ साली भूदासाच्या घरी त्यांचा जन्म झाला. चित्रकार ब्र्यूलोव्ह यांनी रंगविलेल्या एका व्यक्तिचित्राची सोडत काढून २,५०० रूबल उभे करण्यात आले आणि १८३८ मध्ये शेवचेन्को मुक्त झाले. एका चित्राच्या मोलाने एक माणूस स्वतंत्र झाला! पुढे १८४७ मध्ये त्यांना हद्दपार करताना झारने लिहिण्यास व चित्रे काढण्यासही मनाई केली. लेखणी आणि कुंचला यांचे सामर्थ्य सत्तेने ओळखले होते.

लोककलांना सढळ जागा द्यावी. भरतकाम केलेला सदरा म्हणजे ‘विशिवांका’. मेणाने नक्षी रेखून, फिक्या रंगाकडून गडद रंगाकडे जात रंगविलेले अंडे म्हणजे ‘पिसांका’. बाटिकचे काम पाहिलेल्यांना ही रीत सहज उमगेल. पेत्रिकिव्का गावच्या फुलापानांच्या चित्रकलेला युनेस्कोने २०१३ साली आपल्या यादीत स्थान दिले.

परंतु गौरव म्हणजे दुःखाचा विसर नव्हे. १९३२-३३ च्या दुष्काळात लाखो माणसे मृत्युमुखी पडली, तीही सुपीक काळ्या मातीच्या देशात. सक्तीची धान्यवसुली हे त्याचे प्रमुख कारण होते. १९८६ चा चेर्नोबिल अपघात, १९९१ चे स्वातंत्र्य आणि २०२२ मधील रशियाचे आक्रमण यांवाचून फलक अपुरा राहील. त्या आक्रमणाच्या आरंभीच इवान्किव्ह येथील संग्रहालय जळाले. तेथील मारिया प्रिमाचेन्को यांची काही चित्रे गावकऱ्यांनी आगीतून बाहेर काढली. त्याच वर्षी युक्रेनमध्ये शिकणारे महाराष्ट्रातील विद्यार्थीही मायदेशी परतले. त्यांनी काढलेली छायाचित्रे मिळाल्यास त्यांच्या अनुमतीने अवश्य घ्यावीत.

मांडणीचे नियम साधे आहेत. मूळ छायाचित्र कापू नये. त्याची प्रत वापरावी. सर्व चित्रे आधी नुसती मांडून पाहावीत, चार जणांचे मत घ्यावे आणि मगच डिंक लावावा. प्रत्येक चित्राखाली स्थळ, वर्ष व छायाचित्रकाराचे नाव असावे. खात्री नसलेली ओळ लिहू नये.

वास्तू जळते, तेव्हा तिचे छायाचित्र हाच पुष्कळदा उरलेला पुरावा असतो. म्हणूनच फलकाखालची ती एक ओळ खरी असणे फार महत्त्वाचे आहे. मुले ती वाचतील आणि तीच लक्षात ठेवतील.