बरणीतला दिवा



दिवाळीची सुट्टी लागली की मुले घरी असतात. आपल्याला कामाची घाई असते. मग आपण म्हणतो, "जा रे, बाहेर खेळ." आज मी म्हणतो, एक दुपार त्यांना जवळ घेऊन बसा. मिळून एक दिवा करा.

लोणच्याची रिकामी काचेची बरणी घ्या. तोंड रुंद हवे. तडा गेलेली नको. पाण्यात भिजवून वरचा कागद काढा. धुऊन वाळवा. गव्हाच्या पिठाची खळ शिजवा. मुलांना पतंगाचा रंगीत कागद द्या. त्यांनी तो फाडावा आणि बरणीला बाहेरून चिकटवावा. तोंडाजवळ चार बोटे जागा मोकळी सोडा. नक्षी वाकडी झाली तर होऊ द्या. ती त्यांची आहे.

खळ वाळली की बरणीत दोन बोटे कोरडी वाळू घाला. वाळूत आखूड मेणबत्ती रोवा. ती कलंडत नाही. बुडाची काचही एकदम तापत नाही. झाकण लावू नका. हवा मिळाली नाही तर ज्योत विझते.

आता एक चूक सांगतो. चूक माझीच आहे. माझ्या पाच वर्षांच्या मुलाने असाच दिवा केला होता. मी तो लावून दिला आणि पाहुण्यांशी बोलत बसलो. पोराने तापलेली बरणी दोन्ही हातांनी उचलली. तळहात भाजले. घाबरून आम्ही वर शाई ओतली. तेही चुकलेच. भाजल्यावर शाई, तूप काही लावू नये. वीस मिनिटे साध्या गार पाण्याची धार सोडावी. मग दवाखाना गाठावा.

आपल्या तेरचे गोरोबाकाका भजनात रंगून चिखल तुडवत होते. रांगते मूल पायाखाली आले, तरी त्यांना भान नव्हते. पुढे विठ्ठलाने मूल परत दिले, असे कीर्तनात ऐकतो. ती संतांची गोष्ट. आपण साधी माणसे. आपला डोळा लेकरावर हवा.

म्हणून दिवा मोठ्या माणसानेच पेटवावा. कडब्याच्या गंजीपासून लांब, सपाट ओट्यावर ठेवावा. निजण्याआधी विझवावा.

आपल्याकडची कित्येक माणसे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. काही लेकरे मागे आजीजवळ राहतात. जाण्याआधी ही एक दुपार त्यांना द्या. मेणबत्ती संपते, बरणी फळीवर राहते. "ही मी अन् आईनं केली," असे लेकरू तुम्ही परत येईपर्यंत सांगत राहते.

रामराम.