खाज कुठे आहे, ते आधी पाहा



पावसाळी व्याख्यानमालेत कुत्र्या-मांजरांच्या त्वचेवर एक संध्याकाळ खर्च करायचं तुम्ही ठरवलंत, याचा एक पशुवैद्य म्हणून मला फार आनंद आहे. जून ते ऑक्टोबर आमच्या टेबलावर सगळ्यात जास्त येते ती हीच तक्रार : "डॉक्टर, हा सारखा खाजवतोय." त्यापाठोपाठ येणारं वाक्यही ठरलेलं असतं : "हळद लावली, खोबरेल लावलं, घरात एक मलम होतं तेही लावलं." म्हणजे जनावर आमच्यापर्यंत पोहोचतं तेव्हा त्याच्या अंगावर रोग असतो आणि रोगावर तीन थर असतात.

माझं आजचं सांगणं एवढंच आहे, की काहीही लावण्याआधी पाहावं. केस गेलेले, कातडी लाल झालेली, वर खपल्या, हे चित्र निम्म्याहून अधिक त्वचारोगांत सारखंच असतं. नुसत्या दिसण्यावरून आम्हालाही निदान करता येत नाही. पण चट्टा शरीरावर नेमका कुठे आहे आणि आधी खाज सुटली की आधी केस गेले, एवढं घरच्या माणसाने नीट सांगितलं तर आमचं अर्धं काम होतं. हे सांगायला पदवी लागत नाही. रोज त्याच्या अंगावरून हात फिरवणारा माणूस लागतो, आणि तो तुमच्या घरात आहे.

पिसवांपासून सुरुवात करतो. कुत्रा वळून वळून स्वतःच्या शेपटीच्या मुळाशी चावतो, कमरेवरचे केस विरळ होतात, मांड्यांच्या मागच्या बाजूला बारीक खपल्या येतात. खाज या भागात असेल तर पहिला संशय पिसवांवर घ्यायचा. मालक हमखास म्हणतात, "पण आमच्याकडे पिसवा नाहीतच, एकही दिसली नाही." नसेल दिसली. पिसवेच्या लाळेची अ‍ॅलर्जी असलेल्या जनावराला थोडे चावेही पुरतात, आणि मांजर तर चाटून चाटून पुरावाच गिळून टाकतं. म्हणून पिसू शोधू नका, तिची विष्ठा शोधा. बारीक दातांची फणी घ्या, कमरेवरून शेपटीकडे केसांच्या मुळापर्यंत फिरवा, आणि निघालेला काळा भुसा ओल्या पांढऱ्या टिश्यू पेपरवर झटका. मिनिटभर थांबा. साधी माती काळीच राहते. पिसवेची विष्ठा असेल तर प्रत्येक कणाभोवती तांबूस-तपकिरी वलय पसरतं, कारण ती विष्ठा म्हणजे तुमच्या कुत्र्याचंच पचलेलं रक्त असतं. टेबलावर हा कागद लाल होताना पाहिला, की मालकांना पिसवा आहेत हे वेगळं पटवून द्यावं लागत नाही.

पुढचं पटायला मात्र थोडं अवघड जातं. घरातल्या एकूण पिसवांपैकी जनावराच्या अंगावर दिसणाऱ्या प्रौढ पिसवा साधारण पाच टक्के धरल्या जातात. उरलेल्या अंडी, अळ्या आणि कोष यांच्या रूपात गादीखाली, फरशीच्या सांध्यात, सोफ्याच्या फटीत असतात. एक मादी दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालू शकते, आणि ती अंडी केसांना चिकटून राहत नाहीत, कुत्रा जिथे झोपतो तिथे गळतात. आपल्याकडच्या दमट, उबदार हवेत अंड्यापासून प्रौढ पिसू तीन आठवड्यांच्या आसपास तयार होते. उलट कोष काही महिने तसाच पडून राहू शकतो आणि पावलांचा हादरा, शरीराची ऊब, श्वासातला कार्बन डायऑक्साइड मिळाला की फुटतो. सुट्टीवरून परतून कुलूप उघडताच पायाला पिसवा चावतात त्या यामुळे. म्हणून औषध कुत्र्याला, अंथरूण गरम पाण्यात आणि व्हॅक्यूम किंवा झाडू फटीफटीतून, हे तिन्ही एकाच वेळी आणि सलग दोन-तीन महिने करावं लागतं. घरातल्या प्रत्येक कुत्र्या-मांजराला औषध हवं. एकाला दिलं आणि दुसऱ्याला वगळलं, तर पैसे वाया जातात. शेपटीखाली किंवा विष्ठेत तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे तुकडे दिसले तर तेही पिसवांचंच देणं आहे. पिसू गिळली गेली की तिच्यातून पोटात पट्टकृमी जातो.

गोचिडांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ते डोळ्यांना दिसतात. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, गळपट्ट्याखाली बघा. तपकिरी गोचिडाची मादी रक्त पिऊन फुगली की खाली उतरते आणि भिंतीच्या भेगेत हजारांनी अंडी घालते. म्हणून अंगावरचे वेचून काम संपत नाही. चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ वर ओढा, बोटांनी चिरडू नका, रॉकेल ओतू नका. गोचीड झालेला कुत्रा जेवेनासा झाला, ताप आला, हिरड्या पांढऱ्या पडल्या किंवा लघवी गडद झाली, तर तो विषय त्वचेचा राहत नाही. बबेसिया आणि एर्लिकिया हे रक्तातले आजार गोचिडातूनच येतात. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

इथे एक गोष्ट मी आवाज चढवून सांगणार आहे. पिसवा-गोचिडांसाठी कुत्र्याच्या मानेवर ओतायच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं. ते मांजराला कधीही लावू नका. कुत्र्याचं यकृत हे रसायन मोडू शकतं, मांजराच्या यकृताला ते जमत नाही. काही तासांत मांजर थरथरू लागतं, झटके येतात आणि उपचार उशिरा मिळाले तर ते दगावतं. दुकानदार "थोडंसं लावा, चालतं" म्हणाला तरी नाही. पाकिटावर मांजराचं चित्र आणि वजन लिहिलेलं नसेल, तर ते औषध मांजरासाठी नाही. फिनाइल आणि त्या वर्गातली जंतुनाशकं यांचंही तसंच. मांजर अंगाला लागलेलं सगळं चाटतं, त्यामुळे त्याच्या कातडीवर लावलेलं प्रत्येक औषध हे पोटात घ्यायचं औषध समजावं.

आता खरूज, म्हणजे लोक जिला लूत म्हणतात ती. रस्त्यावरचा केस गेलेला, कातडी जाड होऊन सुरकुतलेला, रात्रंदिवस खाजवणारा कुत्रा आपण सगळ्यांनी पाहिलाय. हा सार्कोप्टिस नावाच्या सूक्ष्म कीटकाचा उद्योग. मादी कातडीत बोगदा खणून अंडी घालते. कोपरं, कानांच्या कडा, मागच्या पायांचे घोटे आणि पोट या त्याच्या ठरलेल्या जागा. कानाची कड दोन बोटांत धरून हलकेच चोळली आणि कुत्र्याचा मागचा पाय आपोआप खाजवल्यासारखा हलू लागला, तर संशय बळावतो. मांजरात याचा भाऊबंद कान, चेहरा आणि मानेवर राखट जाड पापुद्रा धरतो. माणसाच्या खरजेचा कीटक १६८७ साली इटलीत बोनोमो आणि चेस्तोनी यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिला. सूक्ष्म जिवामुळे रोग होतो हे ज्या आजारांत सर्वांत आधी उमगलं, त्यांत खरूज आहे. तरीही आज, सव्वातीनशेहून अधिक वर्षांनंतर, आपल्या गल्ल्यांत अशा कुत्र्यावर जळकं इंजिन ऑइल ओतलं जातं. हेतू चांगला असतो हे मला माहीत आहे. पण ते तेल फाटलेल्या कातडीतून आणि चाटण्यातून शरीरात जातं, कुत्रा आतून भाजतो आणि कीटक मात्र बोगद्यात सुखरूप राहतो.

याला आता चांगला इलाज आहे. आयसोक्साझोलीन गटातली चघळायची गोळी वजनानुसार, खाण्यातून देता येते. कुत्र्याला पकडायचीही गरज पडत नाही. फिट येणाऱ्या कुत्र्यात मात्र ही गोळी जपून वापरावी लागते, २०१८ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तसा इशाराही दिला आहे. आयव्हरमेक्टिन हे जुनं औषध. त्याच्या शोधासाठी ओमुरा आणि कॅम्पबेल यांना २०१५चं नोबेल मिळालं. पण कोली जातीच्या आणि तिच्या संकरातल्या अनेक कुत्र्यांत जनुकीय दोषामुळे हे औषध मेंदूत शिरतं आणि कुत्रा कोमात जाऊ शकतो. हा दोष २००१ साली सापडला. म्हणून गोठ्यासाठी आणलेलं इंजेक्शन अंदाजाने कुत्र्याला टोचू नका. कुत्र्याच्या खरजेचा हा कीटक माणसाला चावतो, हातावर-पोटावर पुरळ येतं, पण तो माणसावर वंश वाढवू शकत नाही. कुत्रा बरा झाला की बहुधा तुम्हीही बरे होता.

डेमोडेक्स हा दुसरा कीटक वेगळ्या वळणाचा. तो जवळजवळ प्रत्येक कुत्र्याच्या केसांच्या मुळात थोड्या संख्येने असतोच, आईच्या दुधावर असताना पिल्लाकडे आलेला. पाच-सहा महिन्यांच्या पिल्लाच्या डोळ्यांभोवती, तोंडाच्या कडेला किंवा पुढच्या पायावर नाण्याएवढी टकलं पडतात आणि पिल्लू फारसं खाजवत नाही. इथे आधी केस जातात, खाज मागून येते. तो लागट नाही. असे एक-दोन चट्टे बहुतेक पिल्लांत आपणहून भरून येतात. पण मोठ्या वयाच्या कुत्र्याला हा रोग अचानक झाला, तर त्याची प्रतिकारशक्ती कशाने खचली ते शोधावंच लागतं.

नायट्याबद्दल घरातल्या आयांना जास्त काळजी असते आणि ती रास्त आहे. मांजराचं पिल्लू, विशेषतः पर्शियन, मुलांच्या मांडीवर खेळतं, त्याच्या कानामागे किंवा पंज्यावर केस तुटलेला, राखेसारखा कोंडा असलेला गोल चट्टा असतो, आणि पंधरा दिवसांत मुलाच्या दंडावर तसाच गोल उमटतो. ही बुरशी आहे. तिचे बीजाणू गादीत, ब्रशमध्ये महिनोन् महिने टिकतात. विशिष्ट अतिनील दिव्याखाली काही मांजरांचे केस हिरवट चमकतात, सगळ्यांचे नाही, म्हणून केस प्रयोगशाळेत पाठवावे लागतात. आणि इथेच ते घरातलं मलम येतं. औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या मिश्र मलमांत बुरशीच्या औषधाबरोबर स्टेरॉइड असतं. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र आतल्या आत पसरते. या मलमांनी आपल्या देशात माणसांचाच नायटा किती चिवट करून ठेवलाय, ते कोणत्याही त्वचारोगतज्ज्ञाला विचारा.

पंजे आणि कान यांचं प्रकरण वेगळं आहे. लॅब्रेडॉर, पग, गोल्डन यांच्यात सहा महिने ते तीन वर्षं या वयात सुरू होणारी अ‍ॅलर्जी आधी पंज्यांतून बोलते. कुत्रा रात्री चटचट पंजे चाटतो आणि पांढऱ्या केसांवर लाळेचा गंजासारखा डाग पडतो. बगल, पोट, तोंड, कान लाल होतात. पावसात त्यावर यीस्ट चढतं. कातडी तेलकट होते, आंबूस वास येतो. "कान साफ केला की चार दिवस बरा, मग पुन्हा" असं होत असेल तर दोष कानात नसून अ‍ॅलर्जीत असण्याचा संभव मोठा. खाण्याची अ‍ॅलर्जी रक्ताच्या चाचणीने खात्रीने कळत नाही. कमीत कमी आठ आठवडे, त्याने आधी कधी न खाल्लेल्या एकाच प्रथिनावर ठेवून पाहणं हाच मार्ग. त्या काळात आजोबांनी प्रेमाने दिलेलं एक बिस्किटसुद्धा सगळी मेहनत पाण्यात घालवतं, म्हणून घरातल्या प्रत्येकाला विश्वासात घ्या.

भिजलेल्या दाट केसांखाली एका रात्रीत लाल, ओलसर, दुखरा चट्टा उमटतो, तो बहुधा खाजवून चिघळलेला असतो. भोवतालचे केस कापा, कोरडा ठेवा आणि दाखवा. जखमेवर माश्या बसत असतील तर थांबू नका. अंड्यातून अळ्या दिवसाच्या आत बाहेर पडतात.

मांजर लपून चाटतं. पोटावरचे केस कापल्यासारखे आखूड दिसतात आणि उलट्या दिशेने हात फिरवला की टोकं खरखरीत लागतात. हे केस गळालेले नसतात, त्याने स्वतः तोडलेले असतात, म्हणजे त्याला खाज आहे. कानात कॉफी पावडरसारखी घाण असेल तर कानातले कीटक. पांढऱ्या मांजराच्या कानाच्या टोकावरची न भरणारी खपली मात्र थट्टेवारी नेऊ नका. उन्हामुळे होणारा कर्करोग तिथेच सुरू होतो. आणि मध्यम वयाचा कुत्रा न खाजवता दोन्ही बाजूंनी सारखाच टकला होत असेल, सुस्त होऊन वजन वाढत असेल, तर कातडीवर काही लावू नका. थायरॉइड तपासा.

शेवटी एक विनंती. खाज थांबवणारं स्टेरॉइडचं इंजेक्शन मागत दवाखान्यात येऊ नका. पिसवा, खरूज, बुरशी, अ‍ॅलर्जी, सगळ्यांची खाज त्याने थोडे दिवस थांबते, आणि डेमोडेक्स व नायटा त्याने फोफावतात. कातडी खरवडून काचपट्टीवर पाहायला आम्हाला दहा मिनिटं लागतात, ती दहा मिनिटं आग्रहाने मागून घ्या. येताना मोबाइलवर पहिल्या दिवशीच्या चट्ट्याचा फोटो आणा, जनावराला अंघोळ न घालता आणा आणि आतापर्यंत काय काय लावलंत ते न लाजता सांगा. तुमच्या गल्लीत लूत झालेला कुत्रा असेल तर उद्या त्याचा फोटो आणि अंदाजे वजन घेऊन जवळच्या पशुवैद्याकडे जा. त्याच्या अंगावर तेल ओतणारा हात दिसला, तर तो थांबवा.