शर्यत संथपणाची

शर्यत म्हटली कीं वेग, असें आपण सहज गृहीत धरतों. परंतु स्कॉटलंडांत फोर्ट विल्यमच्या डोंगराळ मुलुखांत मोटारसायकलींची सहा दिवसांची एक कसोटी भरते. तींत कस लागतो तो तोल सांभाळण्याचा. ओढ्यांतील निसरड्या दगडांवरून पाय न टेकतां गाडी पार न्यावयाची. पाय एकदां टेकला तर दोषाचा १ गुण, दोनदां टेकला तर २, त्याहून अधिक वेळां टेकला तर ३. गाडी अडली किंवा स्वार पडला तर ५. दोष ज्याचे कमी, तो विजयी.

मागच्या टायरांत हवा अगदीं थोडी, चौरस इंचास सुमारें ४ पौंड, ठेवतात. त्यामुळें रबर दगडाला बिलगतें.

१९६४ सालीं सॅमी मिलर यानें ५०० सी. सी. च्या ब्रिटिश एरियलवर ही कसोटी जिंकली. जिंकणारी गाडी कोण सोडील? त्यानें ती सोडली, आणि बुल्टाको या स्पॅनिश कारखान्यासाठीं २५० सी. सी. ची हलकी गाडी घडविण्यास हातभार लावला. १९६५ सालीं तो तिच्यावर पुन्हां जिंकला. हातचें यश बाजूला ठेवून नव्यानें तोल साधणें, हीच त्याची खरी कसोटी होती.