सुटला तो कशामुळे?



दिल्लीत टिळक मार्गावरून कचेरीला जाताना सर्वोच्च न्यायालयाचा घुमट दिसला की मला पुष्कळदा आपल्या विदर्भातल्या एका मुलीची आठवण होते. तिचे नाव येथे घेत नाही. आईबापांविना वाढलेली, भावाबरोबर मोलमजुरी करणारी ती आदिवासी मुलगी २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका तक्रारीच्या निमित्ताने आली होती. घरची माणसे बाहेर उभी होती. आत दोघा पोलिसांनी आपल्यावर अत्याचार केला, असे तिने सांगितले.

सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये दोघांना सोडले. नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये शिक्षा दिली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पुन्हा सोडले. अंगावर जखम नाही, ओरडल्याचा पुरावा नाही. तेव्हा संमती असली पाहिजे, असा तो तर्क.

असा आरोपी सुटला की आपण म्हणतो, तक्रार खोटी असेल, नाही तर वशिला लागला असेल. वस्तुतः पुष्कळदा सज्जनांच्या मनातील समजुतीच त्याला सोडवितात. अत्याचारी अनोळखी असतो, खरी पीडिता प्राणपणाने झुंजते, ह्या त्या समजुती. प्रत्यक्षात सरकारी गुन्हे-अहवालांत शंभरांतील नव्वदांहून अधिक आरोपी ओळखीचेच आढळतात. आणि भीतीने कंठ फुटत नाही, हा तर मनुष्यस्वभाव आहे. घरातच मिटविलेली प्रकरणे न्यायालयाची पायरीही पाहत नाहीत.

१९७९ मध्ये दिल्ली विद्यापीठातील उपेन्द्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि पुण्याच्या वसुधा धागमवार ह्यांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. मान तुकविणे म्हणजे मान्यता देणे नव्हे, हा त्याचा गाभा. देशभर चळवळ झाली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीत संबंध घडल्याचे सिद्ध झाले आणि आपली संमती नव्हती असे स्त्रीने न्यायालयात सांगितले, तर तसेच गृहीत धरावे, असे ठरले. तो बदल पुढच्यांसाठी होता. ते दोघे सुटले ते सुटलेच.

संशयाचा फायदा आरोपीला मिळावा, हा नियम मला मान्य आहे. परंतु पुरावा अपुरा पडला म्हणजे बोलणारी खोटी ठरली, असे नव्हे. न्यायालयाला पुराव्याबाहेर जाता येत नाही. आपल्याला मात्र, एखादी मुलगी आपल्या ओसरीवर येऊन बोलू लागली, तर ‘तू ओरडलीस का नाही?’ हा प्रश्न गिळता येतो.