शांत गावाची किंमत

(नेरे, ता. मुळशी येथे ग्रामस्थ व तरुण कार्यकर्त्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शनिवार उजाडला की हिंजवडीच्या परिसरातून मोटारींची रांग निघते. माण, घोटवडे करीत ती पौडच्या रस्त्याला लागते, मुळशी धरणाच्या काठाने ताम्हिणी घाट उतरते आणि माणगाव, म्हसळ्यावरून श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर गाठते. या मंडळींना कशासाठी जाता, असे विचारले तर उत्तर एकच येते: तेथे शांतता असते. ज्याला परदेशप्रवास परवडतो, तो हीच शांतता शोधीत जपानच्या ग्रामीण किनाऱ्यावर जातो. तेथील प्रवासवर्णनेही साधारण एकाच वळणाची असतात. लहानसे बंदर, नांगरलेल्या चार होड्या, जाळे दुरुस्त करीत बसलेला वृद्ध, निर्मनुष्य गल्ली. लेखक या निर्मनुष्यतेवर मोहून जातो. गल्लीतील माणसे कोठे गेली, हा प्रश्न मात्र तो विचारीत नाही. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने तो विचारला पाहिजे, आणि आज मी तो आपल्यापुढे श्रीवर्धनच्या संदर्भात मांडणार आहे.

श्रीवर्धन हे काही आडबाजूचे खेडे नव्हे. पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ भट येथलेच. सिद्दीच्या जाचामुळे त्यांना गाव सोडून घाटावर यावे लागले आणि १७१३ साली ते पेशवेपदी बसले. कर्तबगार माणसाने गाव सोडावे आणि त्याच्या कर्तृत्वाचे फळ घाटावर पडावे, ही कोकणची रीत तेव्हापासूनची म्हणावी लागेल. पुढे मुंबईच्या गिरण्या उभ्या राहिल्या, गोदी उभी राहिली, आणि कोकणातील घराघरांतून तरुण मुंबईला गेला. त्याला गावात ‘चाकरमानी’ म्हणतात. म्हसळे-श्रीवर्धनच्या मुस्लिम मोहल्ल्यांतील तरुण बोटीवर आणि नंतर आखाती देशांत गेले. गावी उरले ते म्हातारे, बायका आणि पोस्टमनची वाट. गौरी-गणपतीला आणि शिमग्याला घरे उघडतात; एरवी त्यांतील कित्येकांना कुलपे असतात. प्रवाशाला जी शांतता भावते, तिचा मोठा भाग या कुलपांनी दिलेला आहे.

याचा पुरावा जनगणनेत आहे. बाणकोटच्या खाडीपलीकडे रत्नागिरी जिल्हा लागतो. २००१ साली त्याची लोकसंख्या १६ लाख ९७ हजारांच्या घरात होती. २०११ साली ती १६ लाख १५ हजारांवर आली. सिंधुदुर्गाचीही ८ लाख ६९ हजारांवरून ८ लाख ५० हजारांवर घसरली. महाराष्ट्र त्या दशकात सुमारे सोळा टक्क्यांनी वाढत असताना हे दोन जिल्हे घटत होते. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया नोंदल्या गेल्या. हा आकडा स्त्रियांच्या सुस्थितीचा म्हणून कोणी मिरवू नये. ज्या पुरुषांची नोंद मुंबई-ठाण्यात झाली, त्यांची ती गैरहजेरी आहे.

गिरणी कामगारांचा १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला संप आणि त्यानंतर गिरण्यांची झालेली वाताहत यांनी या मनीऑर्डरच्या अर्थव्यवस्थेचा कणा मोडला. मुंबईची नोकरी गेली, पण गावात उदरनिर्वाहाचे साधन उभे राहिले नाही. का राहिले नाही? कारण नियोजनाच्या हिशेबात कोकणाला स्वतंत्र रकानाच मिळाला नाही. १९९४ साली वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली ती विदर्भ, मराठवाडा आणि ‘उर्वरित महाराष्ट्र’ अशी तीन. त्या ‘उर्वरित’मध्ये मुंबई आहे, पुणे आहे, आपले नेरे आहे आणि श्रीवर्धनही आहे. मुंबई-पुण्याच्या उत्पन्नाची श्रीवर्धनच्या उत्पन्नाशी सरासरी काढली, की श्रीवर्धन कागदोपत्री सुखी होते. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. सरासरीने विषमता झाकण्याची सवय मात्र संपलेली नाही.

मंडळांची मुदत संपून पुरते पाच आठवडेही झाले नव्हते, तोच ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, दिवेआगर येथील नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत भुईसपाट झाल्या. श्रीवर्धनची रोठा सुपारी नामांकित आहे. पोफळ लावल्यापासून उत्पन्न हाती येईपर्यंत सहा-सात वर्षे जातात, म्हणजे एका दुपारी पडलेली वाडी पुन्हा उभी करण्यास एका पिढीच्या उमेदीचा काळ लागतो. सरकारने प्रथम हेक्टरी पन्नास हजार रुपयांची मदत जाहीर केली. हेक्टरचे माप देशावरच्या शेतीला शोभते. किनाऱ्यावरची वाडी गुंठ्यांत मोजतात. दहा गुंठ्यांची वाडी म्हणजे हेक्टरचा दहावा हिस्सा, म्हणजे मदत पाच हजार. त्या दहा गुंठ्यांत पोफळीची शंभरावर झाडे सहज असतात. म्हणजे झाडामागे पन्नास रुपयेही पदरात पडत नाहीत. पुढे लोकांचा आवाज उठल्यावर झाडागणिक मदतीचे तत्त्व मान्य झाले. पण मुळात चुकीचे माप वापरले गेले, कारण माप ठरवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे ती वाडी नव्हती.

वादळानंतर आणि पुन्हा अलीकडे मी तेथे गेलो, तेव्हा एक गोष्ट जाणवली. ज्यांना वाडी उभी करण्याइतका धीर किंवा पैसा उरला नाही, त्यांच्या दाराशी जमिनीचे दलाल पोहोचले आहेत. ही भाषा नेऱ्याच्या लोकांना नवी नाही. हिंजवडीत माहिती-तंत्रज्ञानाच्या कंपन्या आल्यावर आपल्या बांधावर काय झाले, ते आपण पाहिलेच आहे. किनाऱ्यावर मात्र आणखी एक गोष्ट विकली जाते: समुद्राकडे जाण्याची वाट. २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावरील बांधकामबंदीचा पट्टा भरतीरेषेपासून २०० मीटरवरून ५० मीटरवर आणला. जुन्या कोळीवाड्यातील घर दुरुस्त करण्यास यातून सोय झाली असेल. पण त्याच दारातून हॉटेलवालाही आत येतो. होड्या ओढण्याची, मासळी वाळवण्याची जागा कोणाच्या सातबाऱ्यावर नसते, म्हणून ती सर्वांत आधी जाते.

जपानचा अनुभव येथे उपयोगी आहे. त्या देशाची लोकसंख्या २००८ च्या सुमारास १२ कोटी ८० लाखांच्या शिखरावर होती. तेव्हापासून ती उतरत आहे. २०२३ च्या गृहपाहणीत तेथे ९० लाख घरे रिकामी आढळली, म्हणजे सुमारे सात घरांमागे एक. २०१४ साली हिरोया मासुदा यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने २०४० पर्यंत ८९६ नगरपालिका-ग्रामपालिका लोप पावण्याच्या मार्गावर असतील, असा इशारा दिला. ओस पडणाऱ्या गावांसाठी जपानने १९७० सालीच खास कायदा केला होता. अर्धे शतक पैसा ओतला गेला. रस्ते झाले, पूल झाले, धक्के झाले. तरीही तरुण त्याच नव्या रस्त्याने तोक्यो-ओसाकाला गेला. आपल्याकडे किनारी महामार्गालाच कोकणचा विकास समजणाऱ्यांनी यातून बोध घ्यावा. रस्त्याने माणूस जसा येतो तसा जातोही. गावात रोजगार नसेल तर जाणारेच अधिक असतात.

पण जपानने दोन गोष्टी अशा केल्या, की त्यांचा विचार आपण करावा. १९४८-४९ च्या कायद्यांनी किनाऱ्यालगतच्या मासेमारीचे हक्क मुख्यतः स्थानिक मच्छीमारांच्या सहकारी संस्थांकडे दिले. समुद्राचा तो तुकडा त्या गावचा, ही गोष्ट कायद्याने मानली. २०१८ च्या दुरुस्तीने त्या संस्थांचा अग्रक्रम काढून कंपन्यांना वाट करून दिली, हे खरे. परंतु सत्तर वर्षे तो हक्क टिकला. आपल्याकडे १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा आहे, एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर २०१७ पासून बंदी आहे. तरी जीवना बंदरातील लहान होडीवाल्याची तक्रार तीच राहते, की मोठे यांत्रिक जाळे समुद्र उपसून नेते. बंदी सरकारची आहे. हक्क कोळ्याचा नाही. दुसरी गोष्ट म्हणजे २००८ साली सुरू झालेली ‘फुरुसातो’ करयोजना. शहरात राहणारा करदाता आपल्या कराचा काही भाग आपल्या पसंतीच्या गावाला देऊ शकतो. तिच्यात दोष आहेत. गावे भेटवस्तूंची चढाओढ करतात आणि श्रीमंत करदात्यालाच तिचा लाभ जास्त मिळतो. म्हणून ती जशीच्या तशी उचलू नये. पण ज्या गावाने मूल वाढवले, शिकवले, त्या गावाचा त्याच्या शहरातील कमाईवर हक्क आहे, हे तत्त्व समाजवादी माणसाने शिरोधार्य मानावे.

शांत गावाच्या वाट्याला आणखी एक संकट येते. तेथे माणसे थोडी आणि आवाज क्षीण, म्हणून शहराला नकोसे पण गरजेचे असलेले प्रकल्प तेथे पाठवले जातात. जपानच्या नोतो द्वीपकल्पावरील सुझू गावी अणुवीजकेंद्र व्हायचे होते. स्थानिकांच्या दीर्घ विरोधानंतर २००३ साली ते बासनात गेले. १ जानेवारी २०२४ रोजी त्याच भागात ७.६ तीव्रतेचा भूकंप झाला. विरोध करणाऱ्या त्या गावकऱ्यांना विकासविरोधी म्हणण्याची आज कोणाची प्राज्ञा होईल काय? आपल्याकडे जैतापूरच्या विरोधकांना तेच विशेषण लावले गेले. १८ एप्रिल २०११ रोजी साखरी नाट्याला गोळीबारात एक मच्छीमार ठार झाला.

आणि मुळशीकरांना हे दूर जाऊन शिकण्याचे कारण नाही. १६ एप्रिल १९२१ रोजी याच तालुक्यात मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला, सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले. मुंबईच्या विजेसाठी पन्नासाहून अधिक गावांची जमीन गेली. त्या धरणाचे पाणी आजही सह्याद्रीच्या पोटातून भिऱ्याला, रायगड जिल्ह्यात उतरते आणि वीज मुंबईकडे जाते. ताम्हिणीच्या वाटेवर प्रवासी ज्या निळ्या जलाशयाचे छायाचित्र घेतात, तोही आपल्याला शांतच दिसतो.

तेव्हा श्रीवर्धनला जाऊ नका, असे मी म्हणणार नाही. अवश्य जा. पण गावकऱ्याच्या घरी उतरा, जीवना बंदरात कोळिणीकडून मासळी घ्या आणि तेथील पैसा तेथेच राहील असे पाहा. मात्र प्रवाशाच्या सदिच्छेने धोरण बदलत नाही; त्यासाठी संघटित मागणी लागते. माझ्या मते ती त्रिविध असावी. किनाऱ्यावरील मच्छीमारीचा आणि वाळवणाच्या जागांचा हक्क स्थानिक सहकारी संस्थांच्या नावे लिहून द्यावा. आपत्तीची भरपाई झाड व त्याचे वय पाहून मिळावी. आणि विकासनिधीचे वाटप ‘उर्वरित’ महाराष्ट्राच्या सरासरीवर न करता तालुक्याच्या प्रत्यक्ष स्थितीवर व्हावे. यांतील शेवटची मागणी मुळशीच्या मावळपट्ट्यातील वाड्यांचीही आहे. घाटावरच्या आणि घाटाखालच्या लोकांनी ती एकत्र मांडावी, यासाठी हे बोललो. आपण शांतपणे ऐकून घेतलेत. आता प्रश्न विचारा, ही विनंती.