परक्या घरचा फ्लॅश



होळी झाली की जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्टीत बोहाड्याचे दिवस येतात. रात्री सांबळाच्या तालावर देवांची आणि राक्षसांची सोंगे नाचतात. जगदंबा महिषासुराशी झुंजते. एका वर्षी ही सोंगे टिपण्यास आम्ही मोखाड्यास गेलो आणि नेमका आमचा फ्लॅश घरी राहिला. बरोबरच्या स्नेह्याने आपला देऊ केला. कॅमेरा निकॉनचा, फ्लॅश कॅननचा! हे जमावे कसे?

कॅमेऱ्याच्या माथ्यावर फ्लॅश सरकवून बसवण्याची खाच असते. तिच्या मध्यभागी धातूचा एक मोठा ठिपका असतो. तो बहुतेक कंपन्यांत सारखाच. शटर उघडताच तो फ्लॅशला एवढेच सांगतो : 'आता!' भोवतालचे लहान ठिपके मात्र ज्या त्या घराण्याची बोली बोलतात, आणि उजेड किती पाडायचा हे त्या बोलीत ठरते. परक्या घरचा फ्लॅश हुकूम ऐकतो. माप त्याला कळत नाही. ते आपण ठरवावयाचे.

हिशेब सोपा आहे. फ्लॅश मॅन्युअलवर ठेवावा आणि त्याच्या गाइड नंबरास अंतराने भागावे. आयएसओ १०० ला गाइड नंबर ३२ असेल व सोंग ४ मीटरवर असेल, तर अॅपर्चर ८. सोंग ८ मीटरवर गेले की उजेड चौथाईवर येतो. मग अॅपर्चर ४. शटरचा वेग कॅमेऱ्याच्या फ्लॅश-मर्यादेत, म्हणजे बहुधा सेकंदाच्या दोनशेव्या भागाच्या आत ठेवावा. नाहीतर चित्रात काळा पट्टा येतो.

परंतु खाचेत सरकवण्यापूर्वी चौकशी करावी. काही जुन्या फ्लॅशच्या ठिपक्यावर २०० व्होल्टांहून अधिक दाब असतो. पुष्कळ डिजिटल कॅमेऱ्यांना तो सोसत नाही. मिनोल्टाने १९८८ मध्ये खाचच निराळी केली आणि सोनीने ती २०१२ पर्यंत चालवली. कॅननच्या १५००डी व ३०००डी या २०१८ च्या कॅमेऱ्यांत तर मधला ठिपकाच नाही. तेथे परका फ्लॅश मुकाच राहतो.

आमच्या स्नेह्याचा फ्लॅश नवा होता, म्हणून निर्धास्त होतो. आम्ही पूर्ण शक्तीने उडवला. चित्र उत्तम आले. पण समोरचे सोंग अडखळले. शेजारचे म्हातारबाबा शांतपणे म्हणाले, "दादा, मुखवट्याआड माणसाचे डोळे आहेत."

आम्ही ओशाळलो. शक्ती सोळाव्या हिश्शावर आणली, आयएसओ १६०० केला. हिशेब तोच, अॅपर्चर ८. नाचणाऱ्यांस विचारून, बाजूला उभे राहून, मोजकीच चित्रे घेतली. आपल्या घरचा फ्लॅश असता तर माप त्याने केले असते. पण समोरच्याचे डोळे दिपतील काय, हे कोणत्याच कंपनीचा ठिपका सांगत नाही. ते माप, श्रोतेहो, नेहमी आपल्याकडेच असते.