घरच्या संगणकावरचा दुसरा ब्राउझर

व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर विषय छापला होता ‘घरच्या संगणकासाठी ब्राउझर कसा निवडावा’. पुढच्या रांगांत बरेचजण वही-पेन घेऊन बसले होते, नावं उतरवून घ्यायच्या तयारीनं. वक्त्या संगणकशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापक. स्वागत, हार, परिचय आटोपल्यावर त्यांनी पहिल्याच मिनिटाला सांगून टाकलं की नावांची यादी वेळ उरला तर शेवटी मिळेल. त्याआधी त्यांना एक गोष्ट पटवायची होती. घरच्या संगणकावर दोन ब्राउझर असावेत आणि दुसऱ्याचं इंजिन पहिल्यापेक्षा वेगळं असावं. पुढचा सगळा वेळ व्याख्यान याच मुद्द्याभोवती फिरलं.

पूर्वपीठिका त्यांनी भरधाव पार केली. १९९० साली सर्नमध्ये टिम बर्नर्स-ली यांनी लिहिलेला पहिला ब्राउझर, मग मोझाइक, नेटस्केप, इंटरनेट एक्सप्लोरर, १९९८ सालचा मायक्रोसॉफ्टवरचा खटला. ‘हे सगळं तुम्हाला ठाऊकच आहे,’ असं बाई म्हणाल्या, तेव्हा मागून आवाज आला, ‘नाही हो!’ सभागृहात हशा पिकला. ‘मग चहाच्या वेळी भेटा,’ म्हणत बाई पुढे निघाल्या.

इंजिन म्हणजे ब्राउझरचा तो भाग, जो संकेतस्थळाकडून आलेली संहिता वाचतो आणि तिचं डोळ्यांना दिसणारं पान करतो. बटणं, रंग, टॅबची मांडणी हा वरचा साज. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी ही नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या. पण सगळे गूगलच्या पुढाकारानं चालणाऱ्या क्रोमियम प्रकल्पावर उभे आहेत आणि सगळ्यांत ब्लिंक हेच इंजिन आहे. पिशव्या पाच, पीठ एकाच गिरणीचं. ऑपेरानं स्वतःचं इंजिन २०१३ मध्ये सोडलं. मायक्रोसॉफ्टनंही २०१८ च्या डिसेंबरात तोच निर्णय जाहीर केला आणि २०२० च्या जानेवारीत क्रोमियमवरचं एज आणलं. सफारीचं वेबकिट वेगळं आहे, पण विंडोजच्या घरात त्याचा उपयोग नाही. उरतं फायरफॉक्स आणि त्याचं गेको. बाईंचा कल कुठे आहे ते एव्हाना सगळ्यांना कळलं होतं आणि त्यांनीही तो लपवला नाही.

मग त्यांनी पडद्यावर क्रोम उघडलं. पत्त्याच्या पट्टीत ‘क्रोम’, दोन टिंबं, दोन तिरक्या रेघा आणि ‘व्हर्जन’ असं टाइप केलं. उघडलेल्या पानावर ‘युजर एजंट’ नावाची एक ओळ असते. संकेतस्थळाच्या दारात ब्राउझर आपली ओळख म्हणून हीच ओळ सांगतो. ती सुरू होते ‘मोझिला’पासून. पुढे ‘ॲपलवेबकिट’, कंसात ‘केएचटीएमएल, लाइक गेको’, मग कुठे ‘क्रोम’ आणि शेवटी ‘सफारी’. क्रोम आपल्या ओळखीत इतरांची एवढी नावं का घेतं?

मोझिला हे नेटस्केपचं आतल्या गोटातलं नाव. त्या काळात काही संकेतस्थळं हे नाव दिसलं तरच चौकटी असलेली पानं पाठवत, म्हणून इंटरनेट एक्सप्लोररही स्वतःला मोझिला म्हणवू लागला. पुढे केडीई या स्वयंसेवकांच्या प्रकल्पानं केएचटीएमएल इंजिन लिहिलं. दारात अडवू नये म्हणून ते ‘मी गेकोसारखंच’ सांगू लागलं. ॲपलनं त्यावरून वेबकिट केलं आणि २००३ मध्ये सफारी आणला. गूगलनं २००८ मध्ये क्रोम काढलं ते वेबकिटवर, आणि २०१३ मध्ये त्यातून ब्लिंकची वेगळी वाट काढली. प्रत्येकानं आधीच्याचं नाव सांगूनच आत पाऊल टाकलं. संकेतस्थळ मानकं पाहायचं सोडून ब्राउझरचं नाव पाहू लागलं की काय होतं, त्याचा हा पुरावा प्रत्येकाच्या घरच्या संगणकात आहे. संध्याकाळचा हा भाग सर्वांत भरीव झाला.

एकाच इंजिनाचं राज्य आलं की काय होतं, हे मराठी वाचकांनी भोगलेलं आहे. दोन हजारच्या दशकात अनेक मराठी संकेतस्थळांचा मजकूर युनिकोडमध्ये नसे. ज्याचा त्याचा फॉन्ट वेगळा. तो फॉन्ट पानासोबत पाठवायची सोय इंटरनेट एक्सप्लोररलाच कळे. तेच पान फायरफॉक्समध्ये उघडलं, की रोमन अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा दिसे. त्यावर उतारा म्हणून फायरफॉक्सला जोडायचं ‘पद्मा’ नावाचं एक एक्स्टेन्शन होतं. ते असा मजकूर युनिकोडमध्ये बदलून दाखवी. विंडोज एक्सपीवर तर युनिकोड मराठी नीट दिसावी म्हणून कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एका चौकोनात खूण करावी लागे, आणि संगणक वर एक्सपीची सीडी मागे. सभागृहातल्या पन्नाशीपुढच्या श्रोत्यांनी माना डोलावल्या. एकजण उठून आपली सीडी कशी हरवली ते सांगू लागले. त्यांना बसवायला अध्यक्षांना हात जोडावे लागले.

इथून बाई थेट दक्षिण कोरियात गेल्या आणि बराच वेळ परतल्या नाहीत.

नव्वदच्या दशकात अमेरिकेच्या निर्यातबंदीमुळे बाहेरच्या देशांना ब्राउझरमधलं भक्कम सांकेतिकीकरण मिळत नसे. ऑनलाइन बँकिंगसाठी ते अपुरं होतं. म्हणून कोरियानं ‘सीड’ नावाची स्वतःची १२८ बिटची पद्धत बनवली. ब्राउझरांना ती येत नव्हती, म्हणून ती इंटरनेट एक्सप्लोररच्या ॲक्टिव्हएक्स जोडणीतून बसवली. त्या वेळी निर्णय शहाणपणाचाच होता. अमेरिकेनं २००० मध्ये निर्बंध सैल केले, पण तोवर बँका, दुकानं, सरकारी कचेऱ्या, सगळे ॲक्टिव्हएक्सला बांधले गेले होते. ऑनलाइन पैसे देताना सरकारमान्य प्रमाणपत्राची सक्ती होती आणि ते व्यवहारात एक्सप्लोररशिवाय चालत नसे. मॅक किंवा लिनक्सवाल्यांनी घरबसल्या बँकेचं काम करायचं तर उसना विंडोज संगणक गाठायचा. कोरिया विद्यापीठातले कायद्याचे प्राध्यापक किम की-चांग यांनी याविरुद्ध ‘ओपनवेब’ ही मोहीम चालवली, न्यायालयातही गेले.

गाडी हलली ती एका मालिकेमुळे. ‘माय लव्ह फ्रॉम द स्टार’ चीनमध्ये तुफान गाजली. नायिकेनं घातलेला कोट चिनी प्रेक्षकांना कोरियन दुकानांतून मागवायचा होता, पण पैसे देण्याच्या पानावर ॲक्टिव्हएक्स आणि प्रमाणपत्र आडवं आलं. मार्च २०१४ मध्ये राष्ट्राध्यक्ष पार्क ग्युन-हे यांनी हे उदाहरण देऊन नियम बदलायला सांगितले. तरी त्या प्रमाणपत्रांचा कायदेशीर मान जायला २०२० चा डिसेंबर उजाडला. जून २०२२ मध्ये एक्सप्लोररचा कारभार आटोपला, तेव्हा तिथल्या एका इंजिनिअरनं ग्योंगजू शहरात त्याची चक्क समाधिशिला बसवली. इतर ब्राउझर उतरवून घ्यायला हे चांगलं साधन होतं, असं त्यावर कोरलं होतं. सभागृह मनापासून हसलं आणि त्याच हशात अध्यक्षांची पहिली चिठ्ठी टेबलावर आली.

चिठ्ठी बाजूला सारून बाईंनी मुद्दा आजवर आणला. इंटरनेट एक्सप्लोररची सहावी आवृत्ती २००१ ची, सातवी २००६ ची. स्पर्धक उरला नव्हता, तेव्हा मायक्रोसॉफ्टला घाई नव्हती. मधे नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्स १.० आलं, लोकांनी वर्गणी काढून ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये त्याची दोन पानी जाहिरात दिली आणि मग एक्सप्लोररची झोपमोड झाली. आता जगातला साधारण दोन तृतीयांश वापर एकट्या क्रोमवर आहे. रेमंड हिल यांचं ‘यूब्लॉक ओरिजिन’ हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन लाखो लोक वापरत. गूगलनं एक्स्टेन्शनचे नियम बदलले. प्रत्येक विनंती येता येता तपासून अडवायची मुभा गेली; नियमांची यादी ब्राउझरकडे आधीच सोपवावी लागते. सुरक्षितता आणि वेग ही गूगलची कारणं. २०२५ मध्ये मूळ यूब्लॉक ओरिजिन क्रोमवर बंद पडलं. फायरफॉक्सवर ते पूर्ण ताकदीनं चालतं. वेगळं इंजिन कशाला हवं, याचं उत्तर घरातल्या माणसाला इथे रोज दिसतं.

दुसरी चिठ्ठी. दहा मिनिटं.

यादी मग एका दमात आली. ब्रेव्हमध्ये जाहिराती अडवायची सोय आतच आहे. तो ब्रेंडन आईक यांनी काढला, फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचेच एक संस्थापक. क्रिप्टोचे चाळे मात्र बंद करून टाका. विवाल्डी ऑपेराच्या संस्थापकांपैकी यॉन फोन टेट्झनर यांचा. चाळीस टॅब उघडे ठेवणाऱ्यांसाठी उत्तम. झोहोचा ‘उला’ भारतीय, सरकारी स्पर्धेत २०२५ मध्ये एक कोटीचं पहिलं बक्षीस मिळवलेला. यांतला कुठलाही पहिला ब्राउझर म्हणून खुशाल घ्या, सगळे क्रोमियमवरचे आहेत. दुसरा फायरफॉक्स. खुणा (बुकमार्क) तो मागितल्यावर जुन्या ब्राउझरमधून स्वतःच आणतो. पासवर्डची फाइल हातानं काढलीत, तर ती कुणालाही वाचता येते. काम झाल्यावर ती पुसा आणि रिसायकल बिनही रिकामी करा. हे वाक्य बाईंनी दोनदा म्हटलं आणि वहीवाल्यांनी ते अधोरेखित केलं.

प्रश्नोत्तरांत एका तरुणानं थेट विचारलं, ‘फायरफॉक्स तरी कुणाच्या पैशावर चालतो?’ बाई किंचित ताठ झाल्या. उत्तर मात्र त्यांनी सरळ दिलं. मोझिलाचं बहुतेक उत्पन्न गूगलला आपलं आधीपासूनचं शोधयंत्र ठेवण्याबद्दल मिळतं. मे २०२५ मध्ये गूगलच्या शोधयंत्राच्या मक्तेदारीवरच्या अमेरिकेतल्या खटल्यात मोझिलाच्या वित्तप्रमुखांनीच तशी साक्ष दिली. सप्टेंबरमध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी क्रोम विकायला लावलं नाही आणि असे पैसे देण्यावर सरसकट बंदीही घातली नाही. ‘म्हणजे गूगलच्याच जीवावर!’ तरुण म्हणाला. ‘हो, आणि म्हणूनच काळजी वाटते,’ बाई म्हणाल्या. फायरफॉक्सच्या वापराच्या अटींचा २०२५ च्या फेब्रुवारीतला वाद त्यानं काढला, तेव्हा त्यांचा आवाज चढला. शब्दरचना वाईट होती, लोक भडकले, काही दिवसांत ती बदलावी लागली, हे त्यांनी मान्य केलं. पण वापरणारे ओरडले म्हणून कंपनीला माघार घ्यावी लागते हे दुसरीकडे किती वेळा दिसतं, असा उलट प्रश्न त्यांनी टाकला. हा युक्तिवाद पुरेसा नाही, तरी त्यामागची तळमळ खरी होती. स्वीडनच्या आंद्रेआस क्लिंग यांनी सुरू केलेल्या लेडीबर्ड या अगदी नव्या इंजिनाचं नाव त्यांनी घेतलं खरं, पण त्यावर बोलायला वेळ नव्हता.

विंडोज ७ वर अडकलेल्या एका काकांना उत्तर मिळालं, की क्रोमनं त्या यंत्रांना २०२३ च्या सुरुवातीला सोडलं. फायरफॉक्सनं ११५ ही आवृत्ती त्यानंतरही त्यांच्यासाठी चालू ठेवली. मात्र खुद्द विंडोज ७ च्या सुरक्षेच्या दुरुस्त्या २०२० मध्ये थांबल्या, त्यामुळे बँकेचं काम तिथे नको. लिनक्स मिंट घाला, फायरफॉक्स त्यात आधीपासून असतो.

दिवे मिचकावले जात असताना शेवटचा प्रश्न आला. बँकेचं पान फायरफॉक्समध्ये उघडलंच नाही तर? त्या एका कामासाठी एज उघडा, बाई म्हणाल्या, पण तिथेच सोडून देऊ नका. फायरफॉक्सच्या मेनूत बिघडलेल्या संकेतस्थळाची तक्रार करायची सोय आहे, तिथे पत्ता आणि काय बिघडलं ते नोंदवा. बँकेलाही ईमेल करा आणि फायरफॉक्सचा आवृत्ती क्रमांक त्यात लिहा, म्हणजे त्यांच्या तांत्रिक विभागाला ‘तुमच्याकडेच काहीतरी गडबड असेल’ असं म्हणता येणार नाही.